घर, कमाई आणि कामाची वाटणी: स्त्री-पुरुषांच्या बदलत्या भूमिकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कौटुंबिक समुपदेशनात, महिला मंडळांच्या बैठकांत आणि लग्न ठरलेल्या मुलामुलींशी बोलताना हे प्रश्न मला सतत ऐकू येतात. विचारणाऱ्यांत बायका जास्त असतात, पण गेल्या काही वर्षांत पुरुषही मोकळेपणानं विचारू लागले आहेत. माझं मत आधीच सांगते. आपल्याकडे बाई उंबऱ्याबाहेर पडली आणि बाहेरची कामं तिनं अंगावर घेतली. पुरुष मात्र तेवढ्या प्रमाणात उंबऱ्याच्या आत आला नाही. खालची बहुतेक भांडणं या एका गोष्टीतून निघतात.

खरंच काही बदललं आहे का? की हे सगळं पुण्या-मुंबईपुरतं आहे?

बदललं आहे, आणि खेड्यांतही बदललं आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेत दाखल झाल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये तसा आदेश द्यावा लागला होता. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ‘सरपंच पती’ हा प्रकार अजून संपलेला नाही. तरी दुसऱ्यांदा निवडून आलेली सरपंचबाई ग्रामसेवकाशी कशी बोलते ते एकदा ऐका, म्हणजे फरक कळेल.

देशभरात १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा कामातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्क्यांवर गेला. यात एक मेख आहे. ही वाढ बरीचशी घरच्या शेतात आणि घरच्या दुकानात राबणाऱ्या बायकांची आहे, आणि त्यातल्या अनेकींच्या हातात पगार म्हणून काहीच पडत नाही.

आता घराच्या आत पाहू. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बायकांचा वेळ दहा मिनिटांनी घटला, पण पुरुषांचाही नऊ मिनिटांनी घटला. बायकांच्या डोक्यावरून उतरलेली दहा मिनिटं पुरुषांकडे गेली नाहीत. शिवाय हे ९७ आणि ८८ फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांचे आकडे आहेत. २०१९ मध्ये दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष चारात जेमतेम एक होते.

आम्ही दोघंही नोकरी करतो. नवरा भाजी चिरतो, कपडे वाळत घालतो. तरी दमते मीच. माझंच काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. हा प्रश्न इतक्या जणी विचारतात की एक डबा घेऊनच उत्तर देते.

सकाळी सातला निघणाऱ्या डब्याची सुरुवात आदल्या रात्री होते. मटकी भिजवली आहे, तिला उद्यापर्यंत मोड येतील का? परवा भेंडी दिली होती, परत दिली तर मुलाचा डबा तसाच परत येईल. पीठ संपत आलंय आणि गिरणी गुरुवारी बंद असते. शाळेत उद्या सुका खाऊ सांगितलाय, तो निरोप वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुपारी येऊन गेला आणि त्या ग्रुपवर फक्त आया आहेत. नवऱ्याच्या डब्याच्या झाकणाची रबरी रिंग सैल झालीय, रस्सा गळेल, म्हणून उद्या सुकीच भाजी. सकाळी नवरा उठतो, पंधरा मिनिटं मन लावून कोबी चिरतो आणि विचारतो, ‘अजून काय करू?’

त्याची पंधरा मिनिटं खरी आहेत. तो कामचुकार नाही. पण ‘काय करू’ याचं उत्तर द्यायचं कामही तिचंच राहिलं. रात्रीपासूनची सगळी जुळवाजुळव तिच्या डोक्यात चालू होती आणि ऑफिसात बसल्यावरही संध्याकाळच्या दुधाची, गॅसच्या नंबरची, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची तशीच चालू राहते. हा थकवा हाताचा नसतो, म्हणून तो कुणाला दिसत नाही. तिला स्वतःलाही तो नीट सांगता येत नाही. मग ती चिडते ती ओट्यावर राहिलेल्या एका कपावरून, आणि नवऱ्याला वाटतं, एवढ्याशा कपावरून एवढं काय?

मग वाटणी करायची कशी? यादी करून निम्मी निम्मी?

यादी जरूर करा, पण ती निम्मी करायला बसू नका. मिनिटं मोजली की भांडण मिनिटांवर येतं. एकेक काम मुळापासून शेवटापर्यंत एकाच्या हाती द्या. डबा नवऱ्याकडे द्यायचा ठरला तर उद्या काय करायचं हे त्यानंच ठरवायचं, भाजी त्यानंच आणायची, गिरणी कधी बंद हे त्यानंच लक्षात ठेवायचं, आणि वर्गाच्या ग्रुपवर नंबरही त्याचाच. बाईनं विचारायचं नाही, आठवण करायची नाही.

हे शेवटचं फार अवघड जातं, आणि ते बायकांनाच अवघड जातं. पहिल्या आठवड्यात मुलाच्या डब्यात दोनदा ब्रेड-जॅम जाईल. जाऊ द्या. एकदा डबाच राहून जाईल. राहू द्या, शाळेचा फोन त्यालाच येऊ द्या. जिथे बाई तिसऱ्याच दिवशी ‘सर, मीच करते’ म्हणून पुढे होते तिथे ते काम कायमचं तिच्याकडे परत येतं. कांदा जाड चिरला गेला, चादरीची घडी वेडीवाकडी पडली, तर तशीच चालू द्यावी. सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर मी मुलांचं लसीकरण आणि दवाखाना सांगते. तारीख ठरलेली असते, कार्ड असतं, आणि बाप बाळाला मांडीवर घेऊन रांगेत बसला की पुष्कळ गोष्टी त्याला आपोआप कळतात.

मला स्वयंपाक येत नाही. चाळिशीत आता शिकून काय होणार?

लग्नाच्या पंगतीचा आचारी पुरुष असतो. मिसळवाला, वडापावच्या गाडीवरचा, खानावळीचा मालक, सगळे पुरुष. हातात चव नसते, हे कारण तिथे कुणी देत नाही. त्याच केटररकडे शेकडो पोळ्या लाटायला मात्र बायका बसलेल्या असतात आणि त्यांची मजुरी आचाऱ्यापेक्षा कितीतरी कमी असते. थोडक्यात, पैसे आणि मान मिळाला की पुरुषाला स्वयंपाक येतो. भात, वरण, एक भाजी आणि पोळी एवढं महिनाभरात येतं. पोळी गोल नसली तरी पोट भरतं.

सासूबाई म्हणतात, ‘माझ्या मुलाला भांडी घासायला लावलीस.’ काय उत्तर द्यावं?

उत्तर तुम्ही देऊच नका, मुलानं द्यायला हवं. सुनेनं तोंड उघडलं की विषय ‘आजकालच्या मुलीं’वर जातो. मुलगा शांतपणे म्हणाला, ‘आई, मला कुणी लावलं नाही, मी घासतोय,’ की विषय तिथंच थांबतो. पहिल्यांदा म्हणताना त्याला जड जाईल, पण म्हणू द्या.

सासूबाईंच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी चाळीस वर्षं सगळ्यांच्या ताटात गरम वाढून स्वतः शेवटी उरलेलं खाल्लं. ते सगळं न करताही घर चालतं असं समोर दिसलं की त्या आयुष्याची किंमतच कुणी काढून घेतंय असं त्यांना वाटतं. तुमच्या नवऱ्याला त्यांच्याच हातची एखादी आमटी किंवा चटणी त्यांच्याकडून शिकू द्या. मी पाहिलेल्या घरांत ताण सैल व्हायला याची मदत झाली आहे.

मी मुलांसाठी नोकरी सोडली. ‘तू घरीच तर असतेस’ हे ऐकून कंटाळा आलाय. घरकामाची काही किंमत आहे की नाही?

कायद्यानं ती मानली आहे. दिल्लीतल्या एका दांपत्याच्या अपघाती मृत्यूच्या दाव्यात जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की गृहिणी काही कमावत नाही हा समज चुकीचा आहे आणि नुकसानभरपाई ठरवताना तिचं उत्पन्न धरलंच पाहिजे. त्याच निकालात वर सांगितलेल्या २०१९ च्या सर्वेक्षणाचा दाखलाही दिला आहे.

पण बाई मेल्यावर तिची किंमत निघावी आणि जिवंतपणी निघू नये, हे कुणालाही पटणार नाही. म्हणून काही साध्या गोष्टी आत्ताच करून घ्या. नोकरी सोडायचा निर्णय दोघांचा असेल तर तुमच्या नावावर दरमहा ठरलेली रक्कम जमा व्हायला हवी, भविष्य निर्वाह निधीऐवजी. तो खर्चासाठी दिलेला पैसा नसावा, तुमची बचत असावी. घर घेताय तर तुमचं नाव करारात हवं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, आणि ते पुरुषाला पंधरा वर्षं विकता येणार नाही ही जुनी अट २०२३ मध्ये काढून टाकली आहे. नवऱ्याच्या खात्यावर नॉमिनी म्हणून नाव लावलं की झालं, असं समजू नका. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे.

गरीब घरांत बायका पूर्वीपासूनच राबतात. हा सगळा मध्यमवर्गाचा विषय नाही का?

मला हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बाईनं बाहेर पडून काम करावं की नाही, ही चर्चा खरोखर मध्यमवर्गाचीच होती. शेतमजूर, बांधकामावरची बिगारी, मासे विकणारी कोळीण यांना ती निवड कधीच नव्हती. पण राबल्यानं आपोआप हक्क येत नाही, हेही त्यांच्याकडेच दिसतं.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणारी जोडपी घ्या. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. तो ऊस तोडतो, ती पाला काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवते. मुकादमाशी बोलणी नवऱ्याची. हंगामाआधी मिळणारी उचल नवऱ्याच्या हातात. टनामागची मजुरी जोडीची म्हणून धरली जाते, त्यामुळे तिची स्वतंत्र मजुरी कागदावर कुठेच नसते. पहाटे तीनला उठून चूल पेटवणं, कोपीत म्हणजे फडाजवळच्या झोपडीत पाणी भरणं, लेकरू उसाच्या फडाच्या कडेला झोपवणं, हे तिचं वेगळंच. एक दिवस खाडा झाला तर दंड, म्हणून पाळीतही सुट्टी नाही. या मुलखातल्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली जात असल्याचं उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

अशा ठिकाणी ‘नवऱ्यानं भांडी घासावी’ हे सांगायला मी जात नाही. तिथली पहिली मागणी वेगळी आहे. तिचं नाव मजुराच्या यादीत वेगळं लागावं, तिच्या वाट्याची मजुरी तिच्या खात्यात जावी, आणि फडावर पाणी, आडोसा व पाळणाघर असावं.

आम्ही दोघं शेतात राबतो, पण सातबारावर माझं नाव नाही. लावता येईल का?

येईल. नवऱ्याची संमती असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली तलाठ्याकडे अर्ज करून सहधारक म्हणून बायकोचं नाव लावता येतं. यामागे मोठा इतिहास आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. पुढे त्यातूनच लक्ष्मी मुक्तीचं आंदोलन उभं राहिलं आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. कोर्टकचेरी न करता पुरुषांनी जमीन सोडल्याचं असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

नाव लागण्याचा उपयोग रोजच्या व्यवहारात आहे. पीककर्ज, पीकविमा, पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये, सगळं सातबारावरच्या नावाला मिळतं. नाव नसलेली बाई सरकारदरबारी शेतकरी नसते, मग आयुष्यभर खुरपणी करून तिचे हात फुटलेले का असेनात.

माहेरच्या जमिनीचं गणित वेगळं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये केंद्राच्या आधी मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो, हे ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. तरीही वडिलांचे दिवसकार्य झाले की भाऊ बहिणींना तहसीलला नेतो आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतो. ‘हिस्सा मागितला तर माहेर तुटेल’ या भीतीनं त्या सही करतात. सही करायचीच असेल तर करा, पण कागद वाचून, दोन दिवस घेऊन करा. आणि भावांनो, भाऊबीजेला साडी देणं म्हणजे हिस्सा देणं नव्हे.

खेड्यातल्या मुलांना मुली मिळत नाहीत. मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात का?

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. बातम्यांनी त्याची गंमत केली. मला त्यात गंमत दिसत नाही. तिशी ओलांडलेला, पाच एकर असलेला, कष्टाळू मुलगा दहा ठिकाणांहून नकार घेऊन परत येतो तेव्हा तो आतून मोडतो.

कारणं दोन. पहिलं आपण सगळ्यांनी मिळून केलेलं आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या, आणि बीड जिल्ह्यात तर ८०७. त्यातली २००१ च्या गणनेतली मुलं आता लग्नाची झाली आहेत. ज्या मुली जन्माला येऊ दिल्या नाहीत त्या आता स्थळ म्हणून कुठून येणार?

दुसरं कारण मुलींशी बोललं की कळतं. तालुक्याच्या कॉलेजात शिकलेली शेतकऱ्याचीच मुलगी मला म्हणाली, ‘मला शेतीचा कंटाळा नाही. आईसारखं जगायचं नाही.’ मग तिनं आईचा दिवस सांगितला: धारा, शेण, पाणी, स्वयंपाक, खुरपणी, परत धारा, परत स्वयंपाक, आणि हातखर्चाला पैसे मागावे लागणं. मुली नोकरीवाला मुलगा मागतात त्यात महिन्याचा ठरलेला पैसा असतो, आणि सासूपासून थोडं अंतरही. मुलाकडच्यांना माझं सांगणं असतं की स्थळ बघायला जाताना एकरांबरोबर हेही सांगा: घरात न्हाणीघर आणि संडास आहे, गोठ्याचं काम मुलगा करतो, सातबारावर नाव लावू, तिला शिकायचं किंवा काही करायचं असेल तर गाडी शिकवू.

माझी बायको माझ्यापेक्षा जास्त कमावते. नातेवाईक टोमणे मारतात. मला खरंच त्रास होतो, हे कबूल करायची लाज वाटते.

लाज वाटायचं कारण नाही. लहानपणापासून ज्याला ‘कर्ता पुरुष’ व्हायला शिकवलं त्याला कमाईत मागे पडल्यावर आपण कुणीच नाही असं वाटणं साहजिक आहे. ‘बायकोच्या ताटाखालचं मांजर’ हे शब्द बायको जास्त कमावत नसतानाही वापरले जातात. तिचं म्हणणं ऐकलं एवढं पुरतं.

कर्तेपणाचं हे ओझं किती जड आहे ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत दिसतं. २०२२ मध्ये देशात आत्महत्या केलेल्यांपैकी सुमारे ७२ टक्के पुरुष होते. कर्ज, बेकारी, आजार अशी कारणं वेगवेगळी असतील, पण ‘मला जमत नाहीये’ हे घरात बोलायची सवय पुरुषांना नसते, हे मी समोर बसलेल्या माणसांत रोज बघते. मुंबईत १९९३ पासून ‘मावा’ ही पुरुषांची संस्था याच विषयावर तरुण मुलांशी बोलते आहे. अशा गटात एकदा जाऊन बसा.

घरातला उपाय सोपा आहे. पगार कुणाचा किती हे बाजूला ठेवून एक सामाईक खातं काढा आणि दोघांनी उत्पन्नाच्या प्रमाणात त्यात भरा. आणि काकांनी पुढच्या समारंभात टोमणा मारला तर उत्तर तुम्हीच द्या, बायकोच्या तोंडाकडे बघू नका. आणखी एक माहिती अनेकांना नसते: हिंदू विवाह कायद्याखाली गरजू नवराही कमावत्या बायकोकडे पोटगी मागू शकतो. कायदा तिथे ‘पती किंवा पत्नी’ असंच म्हणतो.

बाळंतपणाची रजा आईलाच का? बापाला काहीच नाही?

२०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी आईला २६ आठवडे पगारी रजा आहे आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात. खाजगी नोकरीतल्या बापासाठी कायदा नाही. कंपनी देईल तेवढं.

माझं मत असं की सगळी रजा आईला आणि तिचा सगळा पगार मालकावर, या रचनेनं आईचंच नुकसान होतं. मुलाखतीत नवविवाहितेकडे मालक त्या नजरेनं बघतो. बापालाही रजा सक्तीची झाली तर ती नजर बदलेल. तोवर एक करता येतं. बापानं आपली साठवलेली रजा बाळंतपणाच्या पहिल्या आठवड्यात संपवू नये. तेव्हा घरात आजी असते, मावशी असते. आई कामावर परत जाते त्या महिन्यात घ्यावी. एकट्यानं बाळ सांभाळलेले ते दिवस बापाला पुढे वर्षानुवर्षं पुरतात.

कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन कोणी करावं?

नवऱ्यानं. पुरुष नसबंदी टाक्याशिवाय होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. ताकद कमी होत नाही, संबंधांवर परिणाम होत नाही. फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि नंतर वीर्यतपासणी करून घ्यायची. स्त्रीचं ऑपरेशन पोट उघडून किंवा दुर्बिणीनं करावं लागतं. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के आढळली. या आकड्याचं समर्थन मला आजवर कुणी करून दाखवलेलं नाही.

सासू-सासऱ्यांची सेवा सुनेनं करायची, मग माझ्या आई-वडिलांकडे कोण बघणार?

कायदा इथे समाजाच्या पुढे आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात आई-वडिलांची जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर आहे. त्या व्याख्येत सून नाही. लग्न झालेली मुलगीही वडिलांना पोटगी द्यायला बांधील आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. घरात मात्र बरोबर उलटं चालतं. सासऱ्यांचं पथ्य, इन्शुलिन, दवाखान्याची तारीख सून बघते, मुलगा फक्त बिल भरतो. आणि तिच्या वडिलांना लकवा झाला तर ती ‘चार दिवस जाऊन येते’ म्हणत परवानगी मागते.

लग्न ठरतानाच हे बोला. एकुलत्या एका मुली आता पुष्कळ आहेत. दोघांच्या आई-वडिलांसाठी दोघांच्या उत्पन्नातून रक्कम बाजूला ठेवायची, आणि अंगमेहनतीची सेवा ज्यानं त्यानं आपल्या आई-वडिलांची आधी करायची. मुलानं आईच्या पायाला तेल लावलं तर आईला बरंच वाटतं.

लग्नानंतर आडनाव बदलावंच लागतं का? मुलांच्या नावात आईचं नाव लावता येतं का?

आडनाव बदलायची कायद्यानं सक्ती नाही. नाही बदललं तर काहीच अडत नाही. बदललं तर मात्र बँक, पॅन, आधार, पासपोर्ट सगळीकडे बदलावं लागतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम आहे.

नवरा गेल्यावर कुंकू, मंगळसूत्र काढायला लावतात. नको म्हणता येतं का?

येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद केलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. तुमच्या गावच्या ग्रामसभेतही हा विषय मांडता येतो. अंत्यविधीच्या वेळी ती बाई स्वतः बोलायच्या अवस्थेत नसते, म्हणून जवळच्या एकीनं तिच्या शेजारी उभं राहून ‘नको’ म्हणायचं आधीच ठरवून ठेवावं.

वाटणीचं बोलायला गेले की नवरा हात उचलतो. काय करू?

मग वरचं काहीही तुमच्यासाठी नाही. मार खाणाऱ्या बाईनं कामाच्या याद्या करत बसू नये. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, वकील नसला तरी. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून बाहेर काढता येत नाही. राहत्या घरात राहायचा हक्क तुम्हाला आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरापुरताही मान्य केला आहे. मारल्याच्या खुणा असतील तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. स्वतःची आणि मुलांची कागदपत्रं, थोडे पैसे आणि औषधं एका पिशवीत भरून शेजारणीकडे किंवा बहिणीकडे ठेवा. ‘थोडं जुळवून घे’ असं सांगणारा समुपदेशक भेटला तर तिथून उठा आणि दुसऱ्याकडे जा.